सुट्या झालेल्या ओव्या

देवदत्त कराडजवळच्या एका साखर कारखान्यात इन्स्ट्रुमेंट विभागात होता. गळीत हंगाम सुरू झाला की बॉयलरचा दाब दाखवणारं घड्याळ, वाफेचा व्हॉल्व्ह उघडणारा कंट्रोलर, काही ना काही रोज बिघडायचं आणि बिघडलं की त्याच्या नावाने हाक यायची. १९९९चा हंगाम त्यातही जड गेला. दोन हजार साल लागताच सगळे कॉम्प्युटर बंद पडणार अशी हवा होती, आणि कारखान्यातल्या प्रत्येक यंत्राची तपासणी साहेबांनी त्याच्याच गळ्यात टाकली होती. घरी आला की अंगाला मळीचा वास असायचा आणि आंघोळीनंतरही तो पुरता जायचा नाही.

आणि घरी आल्यावर त्याचं दुसरं काम सुरू व्हायचं. ते त्याला कोणी सांगितलेलं नव्हतं.

त्याची सुरुवात त्याच्या वडिलांपासून झाली. नारायणराव साताऱ्यात शाळामास्तर होते. निवृत्तीनंतर काचबिंदूने त्यांची दृष्टी गेली. देवदत्तच्या मेव्हण्याने सिंगापूरहून एक तळहाताएवढा प्लेअर आणला होता. त्यात कॅसेट नव्हती, गाणी आतल्या चिपमध्येच राहायची. देवदत्तने तो वडिलांना दिला. पण त्या प्लेअरचा सगळा कारभार छोट्याशा पडद्यावर चालायचा. कुठलं गाणं लागलंय, पुढे काय आहे, आवाज किती, हे सगळं वाचायचं. न दिसणाऱ्या माणसाला तो दगडच होता.

मग इंटरनेटवर त्याला काही माणसं सापडली. वेगवेगळ्या देशांतली. कंपनीने त्या प्लेअरमध्ये घातलेला प्रोग्राम त्यांना पसंत नव्हता, म्हणून ते स्वतःच नवा लिहीत होते. कोणाला पगार नव्हता. लिहिलेलं सगळं उघडं ठेवायचे, कोणीही घ्यावं, वाचावं, बदलावं. नॉर्वेचा लार्स नावाचा माणूस त्यांचा म्होरक्या. देवदत्तने त्यांना लिहिलं, की हा प्लेअर बोलला पाहिजे, बटण दाबलं की काय झालं ते त्याने तोंडाने सांगितलं पाहिजे. लार्सचं उत्तर आलं : कल्पना चांगली आहे, तुम्हीच करा.

त्याने केलं. मराठी आवाजासाठी बायकोला, अपूर्वाला, बसवलं. रस्त्यावरचा गलका येऊ नये म्हणून ती डोक्यावरून गोधडी घेऊन माइकसमोर बसली आणि 'पुढे', 'मागे', 'थांबवलं', 'आवाज वाढवला' असं एकेक म्हणत गेली. मग एक ते शंभर आकडे. गोधडीतून बाहेर आली तेव्हा घामाने निथळत होती. "शाळेतसुद्धा एवढे पाढे म्हटले नव्हते," ती म्हणाली.

नारायणरावांनी तो बोलका प्लेअर आठवडाभर वापरला. मग एके दिवशी उशाशी ठेवून दिला. "यंत्र चांगलं केलंयस रे," ते म्हणाले, "पण ते सारखं मला काहीतरी सांगत बसतं. रेडिओ आपला लावला की लागतो." आणि ते परत रेडिओकडे वळले.

त्याच वेळी देवदत्तने हात झटकले असते तर चाललं असतं. पण तोवर ब्राझीलमधल्या एका अंध बाईने त्या प्रोग्राममध्ये पोर्तुगीज आवाज घातला होता. स्पेनमधल्या कोणी स्पॅनिश. त्यांची पत्रं यायची, त्यात अडचणी असायच्या, आणि त्या देवदत्तशिवाय कोणाला सुटत नव्हत्या. पुढे लार्सला मूल झालं, त्याने सवड नाही म्हणून निरोप घेतला. दुसऱ्याला नोकरी लागली, तिसरा न सांगताच दिसेनासा झाला. कोणी नेमलं नाही, कोणी विचारलं नाही, आणि बघता बघता सगळ्या कामाचा मालक देवदत्त होऊन बसला.

पहाटे शिफ्टला जाण्याआधी तो मोडेम लावायचा. एका बाजूला चहा उकळायचा, एका बाजूला मेल उतरायच्या. 'अमुक अजून का झालं नाही?' 'तुमच्या नव्या आवृत्तीने माझी बॅटरी लवकर संपते, हे काय चाललंय?' 'तीन आठवडे झाले, उत्तर नाही. जमत नसेल तर सोडून द्या.' आभार मानणारी एखादी मेल असायची, नाही असं नाही. पण ती वाचून झाली की खाली पुन्हा तक्रार असायचीच.

एकदा अपूर्वाने मागे उभं राहून ते वाचलं. "अहो, ही माणसं तुमच्याशी अशी का बोलतात? तुम्ही त्यांचे नोकर आहात का?"

"नोकर असतो तर राजीनामा देता आला असता," देवदत्त म्हणाला आणि बूट घालायला लागला.

दिवाळीच्या सुमारास त्याने नवी आवृत्ती सोडली. बोलणं अधिक स्पष्ट केलं होतं, काही जुन्या चुका काढल्या होत्या. एवढं झालं की थोडं थांबायचं असं त्याने ठरवलं होतं. त्यानंतर स्पेनहून एक मेल आली. तिचा विषय होता, 'नव्या प्लेअरमध्ये काहीतरी विचित्र होतंय'. त्याच दिवशी कारखान्यात बॉयलरचा कंट्रोलर बसला होता. ती मेल न उघडताच राहिली, आणि तिच्यावर दुसऱ्या मेल साचत गेल्या.

नोव्हेंबरच्या अखेरीस सांगलीहून एक मेल आली. इंग्रजी अक्षरांत मराठी लिहिलं होतं. लिहिणारीचं नाव राणी. ती आटपाडी तालुक्यातल्या एका धनगर कुटुंबातली, सांगलीच्या कॉलेजात कॉम्प्युटर शिकत होती. तिचे चुलते धुळाप्पा फौजेत होते. सीमेवर सुरुंग फुटून त्यांचे डोळे गेले. त्यांच्या मेजरसाहेबांनी त्यांना प्लेअर भेट दिला होता, माइक असलेला, आवाज साठवता येणारा. त्यात त्यांनी आपल्या आईच्या, हरणाबाईच्या, ओव्या भरून ठेवल्या होत्या. हरणाबाई जुलैत वारली. राणीने दिवाळीनंतर प्लेअर सांगलीला आणून त्यात देवदत्तचा नवा प्रोग्राम घातला, चुलत्याला प्लेअर मराठीत बोललेला आवडेल म्हणून. प्लेअर बोलला. 'रिकामं आहे,' असं बोलला.

देवदत्तने ती मेल परत परत वाचली. मग स्पेनची न उघडलेली मेल शोधून काढली. कंपनीने त्याच नावाखाली दुप्पट मेमरीचा प्लेअर बाजारात आणला होता. बाहेरून काही फरक नाही. देवदत्तचा प्रोग्राम ती मेमरी ओळखू शकत नव्हता, कोरी समजून तिची यादी नव्याने मांडत होता. स्पेनच्या माणसाने हे नीट समजावून लिहिलं होतं. राणीने प्रोग्राम उतरवून घेण्याच्या बरेच दिवस आधी.

त्या दिवशी शिफ्टला निघण्याआधी त्याने ती आवृत्ती इंटरनेटवरून काढून टाकली, आणि राणीला लिहिलं : त्या प्लेअरला हात लावू नका, चालूही करू नका, रविवारी कराडला घेऊन या.

ती आली तेव्हा प्लेअर रुमालात गुंडाळलेला होता. विशीतली, सावळी, बोलताना नजर खाली ठेवणारी. अपूर्वाने पोहे पुढे ठेवले, तिने हात लावला नाही.

"सर, सूचनांमध्ये लिहिलं होतं की आधी कॉपी घ्या. मी वाचलं होतं. पण कॉपी निघतच नाही ना? कंपनीचा प्रोग्राम गाणी आत घेतो, बाहेर देत नाही."

"हो," देवदत्त म्हणाला. "ते मला ठाऊक होतं. बाहेर काढायची सोय मी करणार होतो. राहून गेली."

"आणि मी अजून एक केलंय." ती म्हणाली. "रिकामं आहे म्हटल्यावर चालतंय का बघायला मी त्यात चार गाणी टाकली. त्यामुळे आजीचं... पुसलं असेल ना?"

देवदत्तने रुमाल सोडून प्लेअर हातात घेतला. खोटं सांगावंसं वाटत होतं, पण पोरगी कॉम्प्युटर शिकत होती. "थोडं पुसलं असेल," तो म्हणाला. "बाकीचं असावं. असं समज की पुस्तकाची अनुक्रमणिका फाटली आणि पानं सुटी झाली. पानांवरचं गेलेलं नाही. पण कुठलं पान कुठे, ते आता कळत नाही."

"आप्पांना, म्हणजे चुलत्यांना, मी अजून सांगितलं नाही," राणी म्हणाली. "ते विचारतात, मी म्हणते दुरुस्तीला टाकलंय."

पुढचे दोन आठवडे देवदत्तने दोन्ही कामं कशी केली ते त्यालाच माहीत. दिवसा कारखाना, परतला की तो प्लेअर उघडून टेबलावर. मेमरी कच्ची, म्हणजे यादीशिवाय जशी आहे तशी, वाचून काढायची होती आणि ते त्याने कधी केलं नव्हतं. त्याने जुन्या पत्त्यावर लार्सला लिहिलं, काय घडलं ते सगळं. उत्तराची आशा नव्हती. दुसऱ्याच दिवशी उत्तर आलं, सोबत एक छोटा प्रोग्राम. 'मूल झोपलं होतं तेवढ्यात लिहिला आहे,' लार्सने लिहिलं होतं, 'चुका असतील.' चुका होत्या. देवदत्तने त्या दुरुस्त केल्या आणि मेमरीतून पहिला तुकडा बाहेर पडला.

मध्येच उचललेला एका म्हातारीचा आवाज. खरखरीत, पण सुरात. मागे जात्याची घरघर होती आणि लांब कुठेतरी मेंढरू ओरडत होतं.

दिस डोंगराच्या आड, वाड्यात आली मेंढरं,
धुळा माजा परमुलखी, कोन आणील खब...

तिथे तुटलं. अपूर्वा स्वयंपाकघरातून येऊन दारात उभी राहिली होती. "पुढचं?" तिने विचारलं.

"असेल कुठेतरी," देवदत्त म्हणाला.

तुकडे निघाले, पुष्कळ निघाले, पण विस्कटलेले. काही अर्ध्या ओवीचे, काही नुसत्या जात्याचे. ती भाषा त्याला कळत होती, पण त्या ओव्यांचा क्रम त्याच्या कुठल्याच हिशेबात बसेना. क्रम ज्याला माहीत होता तो माणूस आटपाडीकडे होता, आणि त्याला अजून काही कळलेलं नव्हतं. देवदत्तने सगळे तुकडे चाचणीसाठी घेतलेल्या आपल्या स्वतःच्या प्लेअरमध्ये भरले, प्रत्येकाला आकडा दिला. कारखान्यात रजेचा अर्ज दिला. साहेब म्हणाले, "ऐन हंगामात?" तो म्हणाला, "एकच दिवस," आणि उत्तराची वाट न बघता बाहेर पडला.

विट्याला राणी भेटली, तिथून दोघं एसटीने पुढे गेली. ऊस मागे राहिला, माळ सुरू झाला. राणी खिडकीबाहेर बघत होती. "मीच सांगते," ती एवढंच म्हणाली.

धुळाप्पा घरासमोर बाजेवर बसले होते. पन्नाशीचे, ताठ, केस अजून फौजी कापलेले. राणीचे वडील मेंढरं चारायला खाली मुलखात गेले होते, घरात फक्त बायका. राणीने चुलत्याच्या पायाशी बसून सगळं सांगितलं. रडली नाही, पण मध्ये दोनदा थांबली. देवदत्त उभाच होता.

धुळाप्पांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "परोगराम कुणाचा?"

"माझा," देवदत्त म्हणाला. "तिची चूक नाही. कुणीतरी मला आधी कळवलं होतं. मी वाचलं नाही."

"का वाचलं न्हाई?"

"कामात होतो. दमलो होतो."

"फौजेत संतरी असं म्हणाला तर त्येचं कोर्टमार्शल व्हतं," धुळाप्पा म्हणाले. "तुमच्यात काय व्हतं?"

"आमच्यात काही होत नाही. लोक शिव्या देतात."

"आन् पगार?"

"पगार नाही."

"मग ह्ये करता कशापायी?"

देवदत्तला हा प्रश्न कोणी असा सरळ विचारला नव्हता. "वडिलांना दिसत नाही. त्यांच्यासाठी सुरू केलं."

"मग म्हातारा लय खूश असंल."

"ते रेडिओ ऐकतात."

धुळाप्पांच्या ओठांच्या कडा हलल्या. हसले असंही म्हणता येत नव्हतं. त्यांनी बाजेवर हाताने जागा दाखवली. "बसा सायेब. राणे, पाणी आन. जे हाय ते ऐकवा."

देवदत्तने प्लेअर त्यांच्या हातात दिला, कानात इअरफोन लावून दिले, बटणं बोटांना दाखवली. राणी कागद-पेन घेऊन बसली. धुळाप्पांनी बटण दाबलं. ते दचकले. "ही बाई कोन?"

"माझी बायको. तिचाच आवाज आहे तो. तुकड्याचा आकडा सांगते, मग तुकडा लागतो."

"बरं सांगती," धुळाप्पा म्हणाले, आणि पुन्हा बटण दाबलं.

आईचा आवाज आल्यावर त्यांचा चेहरा कसा झाला ते देवदत्तने बघितलं नाही. तो माळाकडे बघत राहिला. थोड्या वेळाने मागून कोरडा, कामाचा आवाज आला : "सतराच्या म्होरं चाळीस. लिव्ह. चाळीसच्या म्होरं... थांब... पाच. ह्यो तुकडा भावाच्या ओवीतला, त्यो मागनं यील." असं दुपारभर चाललं. एखाद्या तुकड्यात नुसती घरघर असली तरी ते सांगायचे, "हितं ती मूठ घालती जात्यात, मग कोकरावरची ओवी." कधी चुकायचे, परत ऐकायचे, राणीला खोडायला लावायचे. मध्ये घरातून भाकरी आणि मटकीचं कालवण आलं, ते इअरफोन न काढताच जेवले.

ऊन उतरायला लागलं तेव्हा ते एका जागी अडले. दोन तुकड्यांमधला दुवा कुठेच नव्हता. राणीने टाकलेल्या चार गाण्यांनी नेमका तो भाग खाल्ला होता. देवदत्तने तसं सांगितलं. राणीची मान खाली गेली.

"तुम्हाला ती ओवी पाठ असेल ना आप्पा?" देवदत्त म्हणाला. "तुम्ही म्हणा, आपण तुमच्या आवाजात भरू."

"न्हाई," धुळाप्पा लगेच म्हणाले. "त्या बायकांच्या ओव्या. आन् मला पाठ हाय ते माज्यापाशी हाय. तिथं मोकळं ऱ्हाऊ द्या." मग त्यांनी हात पुढे केला. तो राणीच्या डोक्यापर्यंत पोचला नाही, खांद्यावर टेकला. "गप, पोरी. निम्म्याच्या वर घावलं की."

निघताना त्यांनी घरातून एक पिशवी मागवली. डाळिंबं होती. "त्या आकडं सांगणाऱ्या बाईंना द्या," ते म्हणाले. देवदत्तला काही दिलं नाही, आणि त्याला तेच बरं वाटलं.

घरी येऊन त्याने राणीच्या कागदाप्रमाणे तुकडे जोडले, पुसल्या गेलेल्या ओवीची जागा मोकळी ठेवली. त्यांची एक कॅसेट केली आणि धुळाप्पांच्या प्लेअरमध्ये परत भरले. कॅसेट आणि प्लेअर राणीच्या हाती पाठवले. मग अंगात होतं नव्हतं ते लावून दोन कामं उरकली. नवी मेमरी ओळखता येईल असा बदल केला, आणि आवाज बाहेर काढायची ती राहून गेलेली सोय केली. डिसेंबर संपायच्या आत शेवटची आवृत्ती सोडली. तिच्यासोबत चार ओळी लिहिल्या : यापुढे मी हे करणार नाही. ज्याला हवं त्याने घ्यावं.

उत्तरं आली. ब्राझीलच्या त्या बाईने लांबलचक आभार मानले. एकाने लिहिलं, की शेवटच्या आवृत्तीत घड्याळ चुकीचं दाखवतं, जाण्याआधी तेवढं दुरुस्त करा. देवदत्तने ते वाचून मोडेम बंद केला.

कारखान्यात जानेवारी उजाडला आणि एकही यंत्र बंद पडलं नाही. साहेब म्हणाले, उगाच एवढी धावपळ केली.

एका रविवारी राणीचा फोन आला. आप्पा रोज संध्याकाळी ऐकतात, म्हणाली. मोकळी जागा आली की तेवढ्यापुरते इअरफोन काढतात, मग परत लावतात. मग तिने विचारलं, "सर, आता तुमचं काम कोण बघणार?"

"माहीत नाही."

"ते वाचायला काय यावं लागतं?"

"सी प्रोग्रामिंग. येतं का?"

"परीक्षेपुरतं."

"मग सुरुवातीला पुरेल," देवदत्त म्हणाला, आणि कुठल्या फाइलपासून वाचायचं ते सांगितलं. पुढे तिच्या दोन मेल आल्या, बारीक प्रश्न होते, त्याने उत्तरं दिली. मग तिची परीक्षा आली आणि मेल थांबल्या. त्याने विचारलं नाही. घ्यावं वाटलं तर घेईल, नाहीतर नाही. कोणाच्या गळ्यात काही टाकायचं त्याच्या मनात नव्हतं.

त्या रविवारी फोन ठेवून तो जेवला आणि सतरंजीवर आडवा झाला. अपूर्वा विचारत होती, चहा कितीला टाकू. त्याला उत्तर द्यायचं होतं, पण त्याआधीच डोळा लागला.